त्याची प्रतिकारशक्ती कमी नाही

वाचकाचं पत्र:

डॉक्टरताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. चार वर्षांचा असल्यापासून पाऊस सुरू झाला की त्याचा खोकला सुरू होतो, तो थेट दिवाळीपर्यंत. रात्री दोन-तीनला उठून बसतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरांनी बालदमा सांगितला आणि दोन पंप दिले, एक रोजचा आणि एक निळा, लागेल तेव्हाचा. रोजच्या पंपात स्टेरॉइड आहे हे कळल्यावर घरात सगळेच धास्तावले. सासूबाई म्हणतात, एकदा सवय लागली की सुटत नाही. मला भीती ही, की याची मुळातच प्रतिकारशक्ती कमी, त्यात स्टेरॉइडनं ती आणखी खचेल. म्हणून तो जरा बरा दिसला की मी रोजचा पंप बंद करते आणि च्यवनप्राश, गुळवेलीचा काढा, प्रतिकारशक्ती वाढवणारं एक सिरप असं चालू ठेवते. यंदा दिवाळीआधी घराची साफसफाई काढली आणि त्याच रात्री त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. रात्रभर वाफ दिली, पुढे पाच दिवस पोटातून स्टेरॉइड. रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल 9 टक्के आलेत. त्याची प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ? आणि सारखं असं होऊन त्याची फुप्फुसं आतून कायमची खराब तर झाली नसतील ना?
— एक आई, चिंचवड

प्रिय ताई,

‘याची मुळातच प्रतिकारशक्ती कमी’ या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले. माझ्यासमोर दम्याचं मूल घेऊन बसलेल्या जवळजवळ प्रत्येक आईच्या तोंडी हे वाक्य येतं, आणि ते म्हणताना तिचा आवाज खाली जातो. जणू गरोदरपणात, अंगावर पाजताना, नाहीतर डब्यात, तिच्याकडूनच काहीतरी कमी पडलं. ताई, तुमच्याकडून काहीही कमी पडलेलं नाही. आणि तुमच्या मुलाची प्रतिकारशक्ती तर मुळीच कमी नाही. त्याचा पुरावा तुमच्या हातातल्या रिपोर्टातच आहे.

इओसिनोफिल ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक जात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं 1879 मध्ये इओसिन नावाच्या तांबूस रंगानं रक्त रंगवून त्या ओळखल्या, म्हणून हे नाव. जंत हा या पेशींचा जुना शत्रू. जंत आकारानं एवढा मोठा की त्याला गिळणं शक्य नाही, म्हणून इओसिनोफिल त्याला वेढा घालून स्वतःजवळची जहाल प्रथिनं त्याच्या अंगावर ओततात. एरवी रक्तात या पेशी थोड्याच असतात, पांढऱ्या पेशींत शंभराला पाच-सहाच्या आत. तुमच्या मुलाकडे 9. म्हणजे फौज कमी नाही, गरजेपेक्षा जास्त उभी आहे. फक्त ती श्वासनलिकेत जाऊन, तिथे कुठलाही जंत नसताना, तीच जहाल प्रथिनं त्याच्याच नाजूक अस्तरावर ओतते आहे. (मात्र त्याला शेवटचं जंताचं औषध कधी दिलं ते आठवून पाहा. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची शाळेतली गोळी चुकली असेल तर डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे हा आकडा वाढायचं तेही एक कारण असतं.)

तुमचा दुसरा प्रश्न, आतून खराब झालं का हा, मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर समजलं की पंपाची भीती बरीचशी आपोआप उतरते, म्हणून आधी तिकडे वळते.

श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बारीक लव असते, आणि ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते. तिच्यावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो. धूळ, परागकण, जंतू त्यात अडकतात आणि लव तो सगळा केर घशाकडे ढकलत नेते. आपण दिवसभर तो नकळत गिळतो. या अस्तराखाली आणि फुप्फुसाच्या फुग्यांमध्ये भक्षक पेशी राखणीला असतात. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्हनं 1882 मध्ये सिसिली बेटावरच्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती पेशींनी गर्दी केली होती. परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, हे तिथून उमगत गेलं. पुढे 1908 चं नोबेल मेच्निकोव्ह आणि एर्लिख या दोघांना मिळून मिळालं.

पण या पेशींचं खाणं सगळ्यांना माहीत आहे. त्या बांधकामही करतात, हे फारसं कुणी सांगत नाही.

तुमच्या मुलाला सर्दी होते तेव्हाचं घ्या. विषाणू अस्तराच्या पेशींत शिरतो, पेशी मरतात, जागोजागी अस्तर उघडं पडतं. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. त्या लढतात आणि थोड्याच काळात मरतात. त्यांच्या पोटातलं एक विकर चक्क हिरव्या रंगाचं असतं. कफ हिरवा दिसतो तो बऱ्याचदा त्यामुळे, म्हणून कफाचा रंग पाहून अँटिबायोटिकची घाई करू नका. यानंतर भक्षक पेशी या मेलेल्या न्यूट्रोफिल गिळतात, आणि इथे फार सुंदर काहीतरी घडतं. मेलेला सोबती गिळला की भक्षक पेशीचा स्वभावच पालटतो. आणखी फौज मागवणारे निरोप ती थांबवते आणि डागडुजीचे निरोप सोडू लागते. अस्तराच्या तळाशी बसलेल्या मूळ पेशी मग चपट्या होऊन उघड्या जागेवर पसरतात, वाढतात, हळूहळू त्यांच्यातून लव असलेल्या पेशी तयार होतात. लव पूर्ण यायला काही आठवडे जातात. सर्दी गेली तरी खोकला दोन-तीन आठवडे का रेंगाळतो, त्याचं हे एक कारण. केर ढकलणारी लवच अजून अपुरी असते.

म्हणजे सूज उतरणं हे आग आपोआप विझण्यासारखं नाही. ती पेशींनी मुद्दाम करायची वेगळी कामगिरी आहे. शरीरात लगाम खेचणाऱ्या पेशीही असतात, त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. त्यांच्यावरच्या मूलभूत शोधांना 2025 चं वैद्यकातलं नोबेल मिळालं. फ्लूनंतर फुप्फुसाची जखम भरून काढण्यात याही पेशींचा हात असतो, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

याहून विलक्षण गोष्ट आणखी एका पेशीची. तिचं नाव लांबलचक आहे, दुसऱ्या गटातल्या जन्मजात लिम्फॉइड पेशी. 2011 मध्ये शास्त्रज्ञांना दिसलं की फ्लू झालेल्या उंदरांमधून या पेशी काढून टाकल्या तर श्वासनलिकेचं अस्तर नीट भरूनच येत नाही. अस्तर वाढवणारं एक प्रथिन त्या पाझरतात. आणि दम्याच्या मुलांच्या श्वासनलिकेत इओसिनोफिलना बोलावणं धाडणाऱ्या, कफ वाढवणाऱ्या पेशींमध्येही हीच जात पुढे असते. अस्तराला इजा झाली की त्या जाग्या होतात. इजा एकदाच झाली तर अस्तर भरून येतं. इजा रोज होत राहिली तर त्यांचंच काम आजार बनतं.

जुन्या मातीच्या घरातली भिंत डोळ्यांसमोर आणा. पोपडा निघाला की बाया लिंपायच्या, भिंत परत धड व्हायची. पण रोज रात्री उंदीर भिंत पोखरतोय आणि रोज सकाळी त्यावर नवा गिलावा थापला जातोय, असं वर्षानुवर्षं चाललं तर? भिंत जाड होत जाते, खडबडीत होते आणि खोली आतून लहान होते. दम्याकडे बरीच वर्षं दुर्लक्ष झालं की श्वासनलिकेत हेच होतं. अस्तराखालचा थर जाड होतो, भोवतीचे स्नायू वाढतात, कफ करणाऱ्या पेशींची संख्या वाढते. वाट अरुंद होते, आणि ती अरुंद झाली ती दुरुस्ती होत राहिल्यामुळेच.

आता कळलं असेल, की ‘प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ’ याचं माझं उत्तर ‘काहीही नाही’ असं का आहे. गवंडी आधीच गरजेपेक्षा जास्त आहेत. आपल्याला उंदराचं पोखरणं थांबवायचं आहे आणि गवंड्यांना शांत करायचं आहे. रोजचा पंप यातलं दुसरं काम करतो. निळा पंप ते करत नाही. तो आवळलेला स्नायू काही तासांपुरता सैल करतो, मुलाला बरं वाटतं, आणि अस्तरातली गर्दी होती तिथेच राहते. म्हणून 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना 12 वर्षांपुढच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर राहू देत नाहीत, आणि 6 ते 11 वर्षांच्या मुलांनाही निळ्याच्या जोडीला स्टेरॉइडचा पंप हवा असंच सांगतात.

तो बरा दिसला की तुम्ही पंप बंद केलात, यात मी तुम्हाला दोष देणार नाही. हा आजार नेमका तिथेच फसवतो. शिट्टी थांबते ती आधी, अस्तर शांत होतं ते कितीतरी नंतर. सवय लागण्याचं म्हणाल तर, पंप थांबवल्यावर त्रास परत येतो तो पंपाच्या व्यसनामुळे नाही. आजार तिथेच होता, झाकण तेवढं निघालं. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्याऐवजी पुढच्या वेळी त्यांनाच दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांना समजावायला सांगा. नातवावरच्या मायेपोटीच त्या बोलतात. सुनेशी घातलेला वाद त्या ऐकणार नाहीत, डॉक्टरांशी मात्र मनमोकळं बोलतील.

स्टेरॉइडचा हिशेब मी तुमच्यासमोर कागदावर मांडला असता, तो इथेच मांडते. या वयात सौम्य दम्याला दिला जाणारा बुडेसोनाइडचा, म्हणजे रोजच्या पंपातल्या एका स्टेरॉइडचा, डोस दिवसाला साधारण 200 मायक्रोग्रॅमपर्यंत असतो. वर्षभर एकही दिवस न चुकवता घेतला तर एकूण 73 मिलिग्रॅम. दिवाळीआधी झालं तसं पाच दिवस पोटातून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागलं, तर 25 किलोच्या मुलाला किलोमागे एक मिलिग्रॅम या हिशेबानं पाच दिवसांत 125 मिलिग्रॅम होतं. ही दोन औषधं वेगळी आहेत, बुडेसोनाइड वजनाला अधिक तीव्र आहे, त्यामुळे आकड्याला आकडा असा सरळ हिशेब धरू नका. पण पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत पोचतं, जे घशावाटे पोटात जातं त्यातलं बहुतेक यकृत निकामी करून टाकतं. पोटातून दिलेलं मात्र सगळ्या अंगभर फिरतं. तुम्हाला स्टेरॉइड कमी द्यायचं असेल, तर रोजचा पंप नेमानं देणं हाच त्याचा मार्ग आहे.

दुष्परिणाम मी लपवणार नाही. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, म्हणून पंपानंतर खळखळून चूळ भरायची. उंचीवर थोडा परिणाम होतो. अमेरिका आणि कॅनडातल्या हजारावर मुलांवरच्या मोठ्या अभ्यासात काही मुलांना चार ते सहा वर्षं रोज 400 मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड दिलं होतं. मोठेपणी त्यांची उंची इतरांपेक्षा सरासरी 1.2 सेंटिमीटरनं कमी भरली. हा फरक बहुतांशी सुरुवातीच्या दोन वर्षांतच पडला, पुढे वाढत गेला नाही. तुमच्या मुलाला डॉक्टर लागेल तेवढा कमीत कमी डोस देतील आणि दर भेटीला उंची मोजतील. मोजत नसतील तर मोजायला सांगा. एक सेंटिमीटर उंची आणि रात्रीची धाप, यांत काय निवडायचं याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

आणि फुप्फुसं? आठ वर्षांच्या मुलाची श्वासनलिका ही अजून पुष्कळ भरून येणारी गोष्ट आहे. फिनलंडच्या संशोधकांनी 1992 मध्ये नुकताच दमा झालेल्या मोठ्या माणसांच्या अस्तराचे सूक्ष्म तुकडे तपासले. तीन महिने बुडेसोनाइड घेतलेल्यांच्या अस्तरात लव असलेल्या पेशी परत वाढलेल्या दिसल्या, सुजेच्या पेशी, विशेषतः इओसिनोफिल, कमी झाल्या होत्या. तीन महिन्यांत, ताई. त्याच देशानं 1994 पासून दहा वर्षं राष्ट्रीय दमा मोहीम चालवली. सूज आधीच ओळखायची आणि लवकर औषध सुरू करायचं हा तिचा गाभा होता. दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस त्या काळात निम्म्याहून खाली आले. आपल्याकडे उलटं चित्र आहे. 2019 च्या आकड्यांनुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण 13 टक्के भारतात, आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे 42 टक्के भारतात. ही तफावत वाचून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. तिच्या मागे अनेक कारणं आहेत, आणि कपाटात बंद करून ठेवलेला रोजचा पंप हे त्यांतलं एक आहे.

च्यवनप्राश आवडत असेल तर चमचाभर खाऊ दे, हळदीचं दूधही चालेल. ते खाणं म्हणून द्या, औषध म्हणून नको. सिरपवरचे पैसे वाचवा. गुळवेलीचा काढा मात्र बंदच करा. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली होती. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, तो वाद मला ठाऊक आहे. पण त्या रुग्णांमधली इजा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं यकृतावर उलटावं तशा प्रकारची होती, आणि ज्या मुलाच्या पेशी आधीच उतावीळ आहेत त्याला असं काही रोज पाजण्यात मला शहाणपण दिसत नाही. केळी, दही, भात बंद केलं असेल तर ते पुन्हा सुरू करा. एखादा पदार्थ खाऊन प्रत्येक वेळी त्रास होतो असं स्पष्ट दिसलं, तर गोष्ट वेगळी.

आता भिंत पोखरणाऱ्या उंदराकडे. तुमच्या पत्रात तो स्वतःच सापडला, साफसफाईच्या दिवशी. गाद्या, उशा, जुनी पांघरुणं यांत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे राहतात. आपल्या त्वचेचा कोंडा खातात आणि दमट हवेत फोफावतात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात त्यांची चंगळ असते. पाऊस संपता संपता गाद्या भरलेल्या असतात आणि नेमक्या तेव्हा आपण त्या आपटायला काढतो. माळ्यावरची ट्रंक, जळमटं, भिंतींवरची बुरशी, जोडीला तळणाचा धूर आणि मग फटाके. पुढच्या वर्षी साफसफाईचे दोन दिवस त्याला मामाकडे नाहीतर मावशीकडे पाठवा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. त्याची चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्याला कडक पाण्यात धुवा. डासांसाठी कॉइल लावत असाल तर आजपासून बंद करा आणि मच्छरदाणी बांधा. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटी जाळल्याइतके भरले होते. देवापुढे निरांजन असू दे, अगरबत्ती आणि धूप तेवढा नको. फ्लूची लस दरवर्षी द्या.

पंप देण्याची पद्धत एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवा. औषध योग्य असून ते घशातच बसतं, असं फार वेळा होतं. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध आधी साठवणारी प्लॅस्टिकची नळी, लावा, पंप हलवा, एका वेळी एकच दाब आणि मग पाच-सहा शांत श्वास. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवा. कापडानं पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. डोस कधी कमी करायचा ते डॉक्टर ठरवतील, साधारणपणे तीन महिने सलग शांत गेल्यावर. वयात येताना पुष्कळ मुलांचा त्रास खूप कमी होतो. काहींचा पुढे परत येतो. त्यामुळे ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून वाट पाहत बसू नका.

त्रास वाढला तर काय करायचं ते डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या आणि फ्रीजवर लावा. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ काळे-निळे दिसत असतील, किंवा निळ्या पंपानं मिळालेला आराम तीन-चार तासही टिकत नसेल, तर वाट पाहू नका. लगेच निघा आणि वाटेतही स्पेसरमधून निळा पंप देत राहा.

शाळेच्या दप्तरात एक निळा पंप आणि स्पेसर ठेवा. तो कोणत्या कप्प्यात आहे हे वर्गशिक्षकांना, खेळाच्या सरांना आणि त्याच्या बाकावरच्या मित्राला माहीत असू द्या. खेळ बंद केला असेल तर परत सुरू करा. धावू दे त्याला.

तुमची,
डॉक्टरताई